मास्तरांचा उतरता खिळा

टेलरमास्तरांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक तयार कपडे आणि दुसरी सकाळ. तयार कपड्यांना ते उघड शिव्या घालत. सकाळविषयी मात्र चांगलंच बोलत, कारण चारचौघांत तसं बोलावं लागतं. लवकर उठणाऱ्या माणसाला लोक मान देतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि मान मिळत असेल तर उठल्यावाचून मिळावा असं त्यांचं म्हणणं होतं.

दुकान कोर्टाच्या समोरच होतं. पुढे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे राहत्या दोन खोल्या. समोरच्या इमारतीत काळा कोट घालून जो कुणी भांडायला जायचा, त्याचा कोट बहुतेक मास्तरांनीच शिवलेला असायचा. काज-बटण, तुरपाई, इस्त्री, गिऱ्हाइकांची समजूत काढणं आणि दिलेला वायदा का मोडला याची कारणं शोधणं हे सगळं त्यांची बायको करायची. तिला सगळे बाई म्हणत. मास्तर कापायचे आणि मापं घ्यायचे. विशेषतः मापं. टेप त्यांच्या गळ्यात असे, आणि ती दुसऱ्या कुणी हातात घेतलेली त्यांना खपत नसे. "कात्री कुणीही चालवेल, माप घ्यायला नजर लागते," असं ते म्हणत. बाईंनी इतक्या वर्षांत टेप हातात धरली ती फक्त धुळीत पडलेली उचलून परत द्यायला.

तर एका सकाळी मास्तरांचा उजवा हात शर्टाच्या बाहीत जाईना. कुणी साधा माणूस असता तर म्हणाला असता, खांदा दुखतोय. हे पडले टेलरमास्तर. त्यांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि जाहीर केलं, "मुंढा आटलाय." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. त्या दिवशी त्यांनी शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, उसवून मोठा केला. मग दुसऱ्या शर्टाचा. मग सगळ्याच. शेवटी त्यांच्या शर्टांचे मुंढे एवढे ऐसपैस झाले, की हात वर केला असता तर आतली बनियन रस्त्यावरून दिसली असती. पण हात वर होतच नव्हता, त्यामुळे अब्रू राहिली.

सासरी असलेली मुलगी चार दिवस राहायला आली, तिनं बापाला डाव्या हातानं चहाचा कप उचलताना पाहिलं आणि दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईही बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाई हाडा-सांध्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या. तरुण होत्या, पण बोलायला एक नंबर कडक. त्यांनी हात पुढे, मागे, बाजूला करून पाहिला. मास्तर दर वेळी "दुखत नाही, दुखत नाही" म्हणत ओठ चावत होते.

"खांदा आखडत चाललाय," त्या म्हणाल्या. "औषध एकच. रोज सकाळी ताण द्यायचा. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवरून चालवत वर न्यायची, दुखेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, मग तसूभर आणखी वर. थोडाच वेळ, पण रोज. नाही केलंत तर हात छातीच्या वर जाणार नाही. मग तुम्ही काही उचलू शकणार नाही."

"टेप," बाई म्हणाल्या.

"काय?"

"यांना टेप उचलावी लागते. बाकी काही ते आत्ताही उचलत नाहीत."

मास्तरांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं, पण तिचं म्हणणं खरं होतं. टेप गेली म्हणजे सगळंच गेलं. मग पडद्यामागच्या खोलीत बसून रस्त्यावरचे लोक मोजायचे. ते घरी आले आणि म्हणाले, "उद्यापासून सुरू."

उद्या काही सुरू झालं नाही, कारण व्यायाम करायचा तर व्यायामाचा पोशाख हवा. मास्तरांनी गाठोड्यातून मऊ कापड काढलं, अंगाला ताण बसू नये म्हणून बगलेत जोड दिला, पाठीला चुणी घातली, गुडघ्याला दुहेरी कापड लावलं. कॉलर उसवून पुन्हा लावली, कारण ती मनासारखी बसेना. एका ज्येष्ठ वकिलांचा कोट ट्रायलला तसाच लटकत राहिला आणि वकील चिडून दोनदा परत गेले. आठवडाभरानं पोशाख तयार झाला. मास्तर तो घालून आरशासमोर उभे राहिले, बाजूनं पाहिलं, मागून पाहिलं. डाव्या हातानं उजव्या खांद्यावरची सुरकुती झटकली आणि समाधानानं झोपायला गेले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते अगदी खोटं नाही. पहिले काही दिवस मास्तर उठले. नुसते उठले नाहीत, घर उठवलं. भिंतीसमोर उभे राहून ते असे कण्हत, असे फूत्कार टाकत, की शेजारच्यांनी विचारायला माणूस पाठवला. आणि मग दिवसभर दुकानात प्रवचन. कोण गिऱ्हाईक येईल त्याला धरून, "शरीर म्हणजे काय हो, कापडच. ताणलं नाही की आटतं. सकाळी उठा, ताण द्या. मला बघा." गिऱ्हाईक त्यांना बघे. पोशाख खरोखर सुरेख होता.

मग एक दिवस आभाळ आलं होतं म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं राहिलंय म्हणून मन लागेना. "खांद्यालाही सुट्टी लागते," असं ते म्हणाले. मग सोमवारपासून ठरलं. जगातले सगळे सोमवार संपले असते तरी मास्तरांचा तो सोमवार उगवला नसता. पोशाख मऊ होता, तो झोपायला छान पडायचा, म्हणून ते तोच घालून झोपू लागले. अंगावर तयारी आहे म्हटल्यावर उठायची घाई कशाला? प्रवचन मात्र बंद झालं नाही, उलट वाढलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. व्यायाम सुटल्यापासून त्यांना व्यायामाविषयी बोलायला जास्त दम राहू लागला.

"अहो, हुरूपच येत नाही गं आतून," एकदा ते कळवळून बायकोला म्हणाले. 'अहो' आणि 'गं' एकाच वाक्यात आलं म्हणजे मास्तर खरंच अडचणीत आहेत असं समजावं. "आधी यायचा. आता सकाळी डोळा उघडतो आणि आत बघतो तर काहीच नाही."

"मला काजं करायचा हुरूप कधी आला होता?" बाईंनी विचारलं आणि सुईत दोरा ओवला.

"तुझी गोष्ट वेगळी."

"ती कशी?"

मास्तरांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. ते कूस बदलून झोपले, डाव्या कुशीवर, कारण उजव्यावर आता झोपवत नव्हतं.

आता त्या खिळ्याचं सांगायला हवं. दुकानात आरशाशेजारी भिंतीवर एक खिळा होता, डोक्याहून हातभर उंच. दुकान बंद करताना टेप त्या खिळ्याला लावायची आणि सकाळी काढून गळ्यात घालायची, हा मास्तरांचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. खांदा आखडला तसं टेप काढताना डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. तेव्हा मास्तरांनी काय केलं? खिळा काढून कपाळाच्या उंचीवर ठोकला. काही दिवसांनी हनुवटीच्या उंचीवर. मग छातीच्या. अस्तरांचं फडताळ खाली आलं, दोऱ्यांची फळी खाली आली, दिव्याच्या बटणाला दोरी बांधली गेली. सगळं दुकान हळूहळू मास्तरांच्या कमरेकडे सरकत होतं. भिंतीवर जुन्या खिळ्यांच्या भोकांची एक रांग वरून खाली उतरत आली होती. बाई ती रांग रोज पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बाई गप्प बसल्या म्हणजे घाबरावं हे मास्तरांना इतक्या संसारात कळायला हवं होतं.

त्याच सुमारास मास्तरांना एक शोध लागला. समोरच्या कोर्टातल्या वकिलांचे उजवे खांदे उतरलेले असतात. एकाचं माप घेतलं, उजवा खांदा बोटभर खाली. दुसऱ्याचं घेतलं, तेच. बुटक्या माणसांचा तेवढा नाही, पण जेवढा वकील उंच तेवढा खांदा जास्त उतरलेला. मास्तरांनी यावर खोल विचार केला आणि उत्तर काढलं: कागदांनी भरलेली बॅग. उजव्या हातात रोज ओझं वाहून खांदा उतरतो, आणि उंच माणसाचा हात लांब, म्हणून त्याचा जास्त. "चाळीस वर्षांची नजर आहे," ते म्हणत. मग ते उजवा खांदा बोटभर उतरता कापत. ट्रायलला कोटाच्या मानेजवळ सुरकुती पडली की गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारत, "खांदा सैल सोडा. अं हं, आखडू नका, सोडा. हां, आता बघा कसा बसला." वकिलानं खांदा पाडला की कोट बसायचा. वकीलही खूश, मास्तरही खूश. काही महिन्यांत समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवरून अर्धं कोर्ट एका बाजूला कलून उतरू लागलं.

या सगळ्यांत एक होते ताडमाड वकील. दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागे. त्यांच्या खांद्याची तर मास्तरांनी फारच काळजी केली. "साहेब, दोन बोटं गेलाय. वेळीच बघा. त्या डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सकाळी ताण द्या. मला बघा." ताडमाड वकील भित्रे आणि आज्ञाधारक. ते गेले. इतकंच नाही, ते रोज पहाटे उठून ताण देऊ लागले. दोन महिने एक दिवस चुकवला नाही, आणि तेही जुन्या पायजम्यात.

मग एक दिवस ते गोंधळलेल्या चेहऱ्यानं दुकानात आले. "मास्तर, डॉक्टरीणबाई म्हणतात माझे दोन्ही खांदे अगदी सारखे आहेत. आधीपासूनच सारखे होते म्हणे. पण कोट घालून आरशात बघतो तर उजवा खाली."

"साहेब, डॉक्टरांना हाडं कळतात," मास्तर म्हणाले. "खांदा फक्त शिंप्याला कळतो."

वकिलांना ते पटलं. ते आणखी ताण देतो म्हणाले आणि मान वाकवून बाहेर पडले.

पडदा सरकला. बाई बाहेर आल्या. दुकानाच्या कोपऱ्यात कोट अडकवायचा लाकडी पुतळा होता, बिनडोक्याचा, बिनहातांचा, दुकानाइतकाच जुना. बाईंनी तो ओढत मध्ये आणला आणि खालचा दांडा फिरवून त्याला ताडमाड वकिलांएवढा उंच केला.

"याचं माप घ्या," त्या म्हणाल्या.

"कुणाचं? लाकडाचं?"

"घ्या तर खरं."

मास्तर हसले. बायकांना काय कळतं, अशा चेहऱ्यानं त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि पुतळ्यामागे उभे राहिले. डाव्या हातानं टेपेचं टोक डाव्या खांद्यावर धरलं. उजव्या हातानं टेप उजव्या खांद्यावर नेली. म्हणजे न्यायला गेले. हात जिथवर जात होता तिथवर गेला आणि थांबला, आणि त्यांनी आपल्या रोजच्या सवयीनं, नजर न हलवता, तिथंच बोट टेकवून म्हटलं, "उजवा दोन बोटं उतरलेला."

म्हटलं आणि स्वतःच ऐकलं.

"हा कुठली बॅग उचलतो?" बाईंनी विचारलं.

मास्तरांचं बोट पुतळ्यावर तसंच राहिलं. त्यांनी आरशात पाहिलं. आरशात पुतळा सरळ उभा होता आणि त्याच्या मागे एक माणूस उजवीकडे कलला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरणाऱ्याला आपल्या डोळ्यातलं मुसळ असं आरशात उभं दिसलं. त्यांनी पुन्हा हात वर न्यायचा प्रयत्न केला, या वेळी जोर लावून, आणि कळ एवढी सणकून आली की टेप हातातून गळून पडली. मास्तर घाबरले. खरंखुरं घाबरले. समोरच्या इमारतीत किती कोट गेले, किती माणसं आपण वाकडी केली, हे तर होतंच. पण त्याहून मोठी भीती ही, की ज्या नजरेच्या जिवावर आयुष्यभर मिशीला पीळ दिला ती नजर हाताच्या मागे मागे खाली उतरत गेली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बटणं मी लावते. कोट मांडीवर घेतला की कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, तू काजं कर."

बाईंनी खाली पडलेली टेप उचलली. या वेळी परत दिली नाही. पक्कड घेतली, छातीच्या उंचीवरचा खिळा उपटला, स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि खिळा त्याच्या मूळ भोकात, अगदी वर, ठोकून बसवला. टेप त्याला लावली. मग खाली उतरून हात झटकले.

"सकाळी उजव्या हातानं काढलीत तर दिवसभर तुमची. नाही तर मी स्टुलावर चढून काढीन आणि मापं मी घेईन."

"तू? तुला कुठं माप येतं?"

"माझे दोन्ही हात वर जातात," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंथरुणात पडून होते. दुकानातून आवाज आला. फरशीवरून स्टूल ओढल्याचा, कर्रकन. मग टेप बाईंच्या गळ्यात. त्या दिवशी बाईंनी दोन मापं घेतली आणि मास्तर कटिंगच्या टेबलामागून पाहत राहिले. बाईंच्या हातून चूक व्हावी अशी त्यांनी मनोमन इच्छा धरली. ती काही फळली नाही. आठवड्यानं एक वकीलबाई नवा कोट घालून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "पहिल्यांदाच मान अवघडली नाही. यापुढे माझं माप बाईंनीच घ्यायचं." मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा कुठं ते उठले. हुरूप आला म्हणून नव्हे. हुरुपाचा कुठं मागमूस नव्हता. मत्सर आला होता, आणि तो हुरुपापेक्षा लवकर उठवतो. सुरेख पोशाख धुवायला टाकलेला होता, म्हणून बनियनवरच भिंतीसमोर उभे राहिले. बोटं भिंतीवरून चालवत वर नेली, तर बोटांना खिळ्याचं जुनं भोक लागलं, छातीच्या उंचीचं. तिथवर पोचले, थांबले, श्वास सोडला. बस, तेवढंच. प्रवचन नाही, फूत्कार नाहीत. कित्येक सकाळी तर काहीच झालं नाही. तेच भोक, तीच कळ, तीच चिडचिड. ते उठायचे, भिंतीला मनातल्या मनात शिव्या द्यायचे, बोटं चालवायचे आणि चहाला बसायचे. मग एकदा हनुवटीचं भोक लागलं. पुष्कळ दिवसांनी कपाळाचं. ज्या भोकांनी मास्तरांना पायरी पायरीनं खाली उतरवलं होतं, त्यांच्यावरूनच त्यांना परत चढावं लागत होतं. आणि चढताना लक्षात आलं, की उतरायला कसा बिलकूल त्रास झाला नव्हता.

एके सकाळी त्यांनी हात वर नेला आणि टेप हातात आली. डोळ्यांत पाणी आलं ते कळेमुळे, असं ते म्हणाले. टेप गळ्यात घालून ते दिवसभर विनाकारण लोकांची मापं घेत होते. आणि मग मास्तर ते मास्तरच. आता जमलंच आहे म्हणून त्यांनी पाठोपाठ काही सकाळी विश्रांती घेतली. त्यानंतर हात वर नेला तर खिळा बोटभर लांब. मागून स्टूल वाजलं. बाईंनी टेप काढून आपल्या गळ्यात घातली. त्या दिवशी मास्तरांना नीट कळलं, की हे काम एकदा करून संपणारं नाही. ते दाढीसारखं आहे, रोज वाढणार आणि रोज करावं लागणार.

जुने कोट त्यांनी एकेक करून परत मागवले. "खांद्याची देखभाल, दुकानातर्फे," असं सांगितलं. खरं सांगायला जीभ रेटली नाही. तेवढा ताण त्यांना अजून झेपत नव्हता. ताडमाड वकिलांचा कोटही दुरुस्त झाला. ते घालून वकील आरशासमोर उभे राहिले आणि चेहरा उजळला.

"बघितलंत मास्तर? दोन्ही खांदे सारखे. सगळा सकाळच्या व्यायामाचा प्रताप. डॉक्टरीणबाई उगीच म्हणत होत्या आधीपासून सरळ आहेत म्हणून." मग त्यांनी मास्तरांच्या अंगावर तो सुरेख पोशाख न दिसता नुसती बनियन पाहून सहानुभूतीनं म्हटलं, "तुमचा हुरूप टिकला नाही वाटतं? असं करू नका. मनाचा निश्चय लागतो. मला बघा."

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या तशाच दातांत धरून ठेवल्या. पडद्यामागे बाईंना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

आता मास्तरांची टेप मास्तरांच्याच गळ्यात असते. वर्ष उलटून गेलं. हुरूप अजून आलेला नाही, आणि तो येईल अशी वाट पाहणंही त्यांनी सोडलंय. रोज सकाळी डोळा उघडतो, आज राहू दे असं मनात येतं, अगदी रोज येतं. तेवढ्यात दुकानात फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज होतो, आणि मास्तर पांघरूण फेकून धावतात, की ही बाई टेपेला हात लावायच्या आत आपला हात पोचला पाहिजे.

परवा मात्र त्यांना तहान लागली म्हणून जरा आधीच जाग आली. पाणी पिऊन परत येताना त्यांनी पडद्याच्या फटीतून दुकानात पाहिलं. बाईंनी स्टूल भिंतीपासून खिडकीपर्यंत कर्रकन ओढत नेलं, त्यावर बसल्या, आणि खिळ्याकडे ढुंकूनही न पाहता निवांत चहा प्यायला लागल्या. टेप वर तशीच लोंबत होती. स्टुलाच्या पायांनी फरशीवर एक ओरखडा पडला होता, भिंतीपासून खिडकीपर्यंत, रोजच्या रोज ओढून खोल झालेला.

मास्तर पाय न वाजवता परत गेले आणि अंथरुणावर पडून राहिले. संतापावं की हसावं ते त्यांना ठरवता येईना. त्या सकाळी ते उशिरा उठले, आणि बाईंनी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टूल वाजलं. मास्तर पांघरूण फेकून धावले.